चार हजार आरपीएमवर

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. मी स्वतः तिथे उभा होतो, एवढंच सांगतो.

रात्र नव्हती. रविवारची भरदुपार, साडेतीनचा सुमार, माझंच गॅरेज.

बाईक ट्यून करणं हा माझा धंदा. दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या गाडीला मी नवा सायलेन्सर आणि मोठा एअर फिल्टर बसवला होता. इंजिनात हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, किती पेट्रोल, याचा तक्ता लॅपटॉपवरून बदलायचा असतो. आम्ही त्याला मॅप म्हणतो.

तो मी बदलला नव्हता.

"चार हजारावर अडकते रे," दाजी म्हणाले होते.

"रविवारी करू की. तोवर दमानं चालवा."

गुरुवारी ट्रकला ओव्हरटेक करताना ती नेमकी अडकली.

दहा दिवस दाजी शुद्धीवर नव्हते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि त्या दुपारी ताईचा फोन आला.

"यांचं उजवं मनगट फिरतंय... गाडीची मूठ पिळल्यासारखं. मध्येच अडकतं, की ते ठोक्यांचं मशीन ओरडायला लागतं. तू गाडी नीट कर रे! मला दुसरं काही सुचत नाही."

वेडेपणाच होता. पण माझंही मन मला खात होतं.

गाडीचं पुढचं अंग चेंबलं होतं, इंजिन शाबूत होतं. डायनोवर चढवली. त्याच्या रोलरवर गाडी जागच्या जागी पळते. फोन स्पीकरवर टाकला. ताई आयसीयूच्या काचेबाहेर उभी होती.

तीन हजार. साडेतीन. चार...

खाड्! इंजिन बंद.

फोनमधून मशीनचा लांबलचक सूर आला...

"यांचं थांबलं! नर्स धावतायत!"

चार हजाराच्या रकान्यात चार टक्के पेट्रोल वाढवलं. स्टार्टर मारला.

टिप्... टिप्... टिप्...

मशीन पुन्हा ठोके मोजू लागलं.

पुन्हा चार हजार. पुन्हा खाड्. पुन्हा तोच सूर...

सहा टक्के. आठ टक्के.

"कर ना रे काहीतरी!" ताईचा आवाज फाटला होता. मी शिव्या घालत होतो. गाडीला, स्वतःला, त्या मेल्या रविवारला.

अकरा टक्के.

साडेतीन... चार...

एक गचका बसला... आणि गाडी सुटली! पाच, सहा, सात हजार. कुठे म्हणून अडकली नाही.

"डोळे उघडले! अरे, डोळे उघडले यांनी!"

मी मूठ सोडली. मटकन खाली बसलो आणि हमसून हमसून रडलो.

मग लक्षात आलं...

मूठ सोडलेली आहे. आवाज उतरत नाहीये.

सहा हजार. स्थिर.

धडपडत उठलो आणि चावी फिरवली. हे मी ताईलाही बोललो नाही.

महिन्याभरानं दाजी घरी आले. भेटायला गेलो. ताई आत गेल्याबरोबर त्यांनी माझं मनगट धरलं.

"चावी का फिरवलीस?"

मी मनगट सोडवायला गेलो. त्यांनी सोडलं नाही.

"त्या ट्रकच्या वेळेपासून माझ्या मागे बसला होता तो. माझ्या कमरेला धरून... उतरतच होता. तू गाडीच बंद केलीस."

"कोण, दाजी?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर हा विषय कधी काढू दिला नाही.

गाडी माझ्याकडेच आहे. कोपऱ्यात, साइड स्टँडवर. मागचं शॉकअप दोनदा नवीन टाकलं. तरी सकाळी शटर वर केलं की मागची सीट दोन बोटं दबलेली असते...

गाडी चालू करून त्याला उतरू द्यावं, असं रोज वाटतं. चावीपर्यंत हातही जातो.

पण उतरला, तर जाईल कुठे...?

गॅरेजमध्ये तर मी एकटाच असतो.