केबिनचं डावं दार

ही गोष्ट मी आजवर दोनच माणसांना सांगितली आहे. एकाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्याला सांगायची फारशी गरज नव्हती, अर्धी त्याने स्वतःच ऐकली होती.

खरी आहे. माझ्या घरामागच्या अंगणात घडलेली आहे.

आणि रात्री नाही. रविवारी, भर दुपारी. रेडिओवर तीनच्या बातम्या लागायच्या होत्या.

आमच्या अण्णांचा ट्रक चार वर्षं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. अण्णा म्हणजे आमचे वडील. तीस वर्षं त्यांनीच तो चालवला आणि त्यातच ते गेले. उताराच्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली. सकाळी सापडली. जागच्या जागी गेले, त्रास झाला नसेल, असं सगळ्यांनी सांगितलं. आम्ही त्यावरच दिवस काढले.

फक्त एक गोष्ट कुणाला नीट सांगता आली नव्हती. अण्णा स्टीअरिंगसमोर नव्हते. डावीकडे, क्लीनरच्या सीटवर सापडले. धक्क्याने फेकले गेले असतील, असं लोक म्हणाले.

आम्हीही तेच म्हणालो.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, एरवी क्लीनर म्हणून त्यांच्याबरोबर जायचा, पण त्या दिवशी तापाने फणफणला होता म्हणून गाडीवर गेलाच नव्हता. मी दाताच्या दवाखान्यात काम करते. रात्री आठ वाजता घरी आले तर हा डोक्यावरून पांघरूण घेऊन कुडकुडत पडलेला. आई आत्याकडे होती. मग मीच त्याच्या उशाशी बसले आणि कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत राहिले.

दवाखान्यात तोंड उघडायच्या आत मला कळतं, पेशंट खोटं बोलतोय की खरं. गोड अजिबात खात नाही म्हणणारे तर मी दारातच ओळखते. डॉक्टर मला चेष्टेने फौजदार म्हणतात.

असो.

दादाच्या डोक्यात आलं की ट्रकची चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, अजून ठणठणीत आहे. वरचं सगळं काढायचं, नवी बॉडी बसवायची आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. आई मावशीकडे गेली होती, तेवढ्यात उरकायचं ठरलं. आई असती तर तिने एका बोल्टलासुद्धा हात लावू दिला नसता.

शनिवारी मागचा हौदा उतरवला. भिंतीपलीकडच्या वेल्डरकाकांनी गॅसने गंजलेले बोल्ट कापून दिले. पण केबिनची वेळ आली तशी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"केबिन तुमची तुम्ही उतरवा रे. त्यांच्या केबिनला गॅस लावायला माझा हात उठत नाही."

रविवारी सकाळी आम्ही दोघं लागलो. वायरी सोडवल्या, स्टीअरिंगचा दांडा मोकळा केला. दादाने शेडच्या गर्डरला वजन उचलायची चेन पुली टांगली, तिच्या आकड्याला पट्टे अडकवले आणि केबिनचा भार वर घेतला. नऊ बोल्ट निघाले.

तेव्हा पहिल्यांदा आवाज आला.

टक... टक... टक.

मग थोडा वेळ काहीच नाही.

टक... टक... टक.

डाव्या दारातून येत होता. अपघातात ते दार चेपलं होतं आणि तेव्हापासून उघडलंच नव्हतं.

"काय वाजतंय रे?"

"पत्रा," दादा म्हणाला. "तापला की वाजतो."

मी पत्र्याला हात लावला. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. पत्रा गार होता.

दादा पाणी प्यायला घरात गेला. मी तिथेच उभी राहिले, कान देऊन.

आवाज बंद.

शेजारच्या पिंपळावर दिवसभर कलकलाट असतो. त्या दिवशी एक पाखरू नव्हतं. आमचा कुत्रा शेडच्या सावलीत झोपतो, तो पुढच्या पायरीवर जाऊन बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

दादा परत आला. दहा पावलांवर असेल...

टक... टक... टक.

पुन्हा तो आत गेला, जेवणाचं ताट ठेवायला. पुन्हा शांत. बाहेर आला, पुन्हा सुरू.

तीन वेळा मी हे पाहिलं. चौथ्या वेळी दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यालाही ऐकू येत होतं. आणि तो घाबरलेला होता, पण त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

"आज राहू दे ना," मी म्हटलं.

"एकच बोल्ट राहिलाय. क्लीनरच्या सीटखाली. माझा खांदा जात नाही तिथे. तू बारीक आहेस, तू जा."

"आणि वरून आलं खाली म्हणजे?"

"मी साखळी धरून उभा आहे ना? माझ्यावर विश्वास नाही?"

मी पाना घेऊन ड्रायव्हरच्या बाजूने चढले.

चार वर्षांनी मी त्या केबिनमध्ये पाय ठेवत होते. आत उंदरांचा वास होता. सीटचं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आलेला. मी सरकत डावीकडे गेले. क्लीनरच्या सीटवरची धूळ बोटभर जाड होती. फक्त मधोमध, माणूस बसतो तेवढ्या जागेत...

धूळ नव्हती.

मी त्या जागी बसले नाही. खाली वाकले, बोल्टला पाना लावला. तो सहज फिरला. मला वाटलं होतं, झगडावं लागेल. जणू आजच कुणीतरी तेल सोडलं होतं. चार आटे, पाच आटे, आणि बोल्ट माझ्या हातात आला. मी उठायला म्हणून डावा पाय पुढे टाकला.

आणि माझ्या कानाशी, दाराच्या आतून, टक टक टक टक टक... न थांबता. कुणीतरी मुठीने दार बडवत होतं.

बाहेरून दादा ओरडला.

"येतो म्हणालो होतो ना! अण्णा, येतो म्हणालो होतो ना मी!"

केबिन हलली. वरून साखळी खडखडत सुटल्याचा आवाज आला. मग सगळंच डावीकडे कललं, आदळलं, आणि समोरचा डॅशबोर्ड चुरगळून आत आला. माझा पाय गुडघ्याखाली त्यात अडकला.

काही क्षण मला कळलंच नाही, दुखतंय कुठे.

"दादा!"

फुटलेल्या काचेच्या जागेतून त्याचा चेहरा दिसला. पांढराफटक. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या शेजारी पाहत होता.

"दादा, पाय अडकलाय. जॅक लाव. काहीतरी कर!"

"थांब तू. मी... मी माणसं घेऊन येतो."

"अरे, काकांना हाक मार! भिंतीपलीकडे आहेत!"

"आलोच."

फाटक वाजलं. मोटरसायकल चालू झाली. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आली, मग नाही.

तो येईल, असं मी म्हणत राहिले. अर्धा तास म्हणत राहिले. मोबाइल घरात होता. ओरडून ओरडून घसा बसला. घरातल्या रेडिओवर कुठलासा कार्यक्रम संपला, दुसरा लागला.

दारावरचा आवाज थांबला होता.

त्याऐवजी श्वास ऐकू येत होता. माझाच असेल म्हणून मी माझा रोखून धरला.

दुसरा चालूच होता.

"अण्णा?" मी हळूच म्हटलं.

श्वास थांबला. मग अगदी जवळून, बसलेल्या घशाने, एकच शब्द आला.

"गेला?"

तो आवाज मी ओळखला. घोटाळा होण्यासारखा नव्हताच तो. मला रडू फुटलं आणि मी वेड्यासारखी म्हणाले, "येईल, अण्णा. येतो म्हणालाय."

त्यावर फक्त सीटचा स्पंज दबल्याचा आवाज आला, माणूस मागे टेकून बसतो तसा.

तेव्हा मला सगळं कळलं. कुणी सांगितलं नाही, पण कळलं.

मी मूठ वळली आणि डावं दार ठोकायला लागले.

साडेपाचला वेल्डरकाका भिंतीवरून उतरले. ते जेवून झोपले होते, ठोकण्याने जाग आली. आपल्या दुकानातला जॅक आणून त्यांनी डॅशबोर्ड वर उचलला आणि मला बाहेर ओढलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

मला खाटेवर ठेवून ते पुन्हा केबिनकडे गेले. आत डोकावून, डोकं खाजवत परत आले.

"दादा कुठाय?"

"गेला."

"मग तुझ्याबरोबर कोण होतं?"

"का?"

"आळीपाळीने ठोकत होतात ना दोघं? एक हलका हात, एक जड."

मी त्यांच्याकडे पाणी मागितलं.

दादा चौथ्या दिवशी आला. हॉस्पिटलमध्ये, केळी घेऊन. माझ्या प्लास्टर घातलेल्या पायाकडे न बघता स्टुलावर बसला. माणसं शोधत होतो, कुणी भेटलं नाही, असं काहीतरी बोलायला लागला.

मी मध्येच विचारलं, "त्या दिवशी गाडी तू चालवत होतास?"

त्याने केळ्यांची पिशवी जमिनीवर ठेवली.

"अण्णांना डुलकी लागत होती," तो म्हणाला. "मीच म्हटलं, द्या माझ्याकडे."

"घरी कधी आलास?"

"सहाला."

"तेव्हा ते..."

"बोलत होते." तो रडायला लागला. "पाय अडकला होता फक्त. लवकर ये म्हणाले. मी वर रस्त्याला लागेपर्यंत दार ठोकत होते. मला खरंच माणसं आणायची होती गं. पण सगळे विचारणार, गाडी कोण चालवत होतं. पाय आपोआप घराकडे वळले. घटकाभर पडतो, मग सांगतो म्हटलं. तेवढ्यात तू आलीस आणि घड्या ठेवायला लागलीस. इतक्या मायेनं करत होतीस. तुझ्यासमोर तोंड उघडेना."

म्हणजे मी तिथे पाणी बदलत होते. दर दहा मिनिटांनी. याला गार वाटावं म्हणून वाटीत बर्फ घालत होते. आणि तिकडे उतारावर, अंधारात...

मी त्याला जा म्हटलं. तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "एक मात्र खरं सांगतो. साखळी मी सोडली नाही."

"तू साखळी सोडून पळालास!"

"पळालो नंतर. सोडली नाही. माझ्या हातातून ओढली गेली."

मी त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. का ठेवावा?

पण महिन्याभराने कुबड्या घेऊन अंगणात आले, तेव्हा वेल्डरकाका पुली उतरवत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. मी सुरुवातीला म्हटलं ना, दुसरा माणूस, तो हाच. दादाने साखळी सोडली आणि केबिन कोसळली, एवढंही सांगितलं.

काकांनी मान हलवली.

"हे बघ." त्यांनी पुलीला लोखंडाचा मोठा ठोकळा टांगला, साखळी ओढून वर घेतला आणि दोन्ही हात सोडले. ठोकळा जागचा हलला नाही. "हात सोडला तरी वजन खाली येत नाही. आत ब्रेक असतो. खाली आणायचं तर उलट्या बाजूने साखळी ओढत राहावं लागतं. एकामागून एक हात टाकत, भराभर."

"बिघडली असेल पुली."

"उघडून पाहिली मी. ठणठणीत आहे."

तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

दादाचं मला समजतं. भित्रा निघाला, पळाला, खोटं बोलला, ते निस्तरता येईना म्हणून चार वर्षं खोटंच जगला. तो आता दुसऱ्या गावी असतो. फोन करतो, मी उचलत नाही. चीड येते, पण समजतं.

पण साखळी त्याने ओढली नसेल, तर कुणी ओढली? मी आत आहे हे माहीत असताना?

मला खरं कळावं म्हणून? की शेजारच्या सीटवर कुणीतरी हवं होतं म्हणून? की त्या संध्याकाळी मी कुणाच्या उशाशी बसले होते, ते त्यांना माहीत होतं?

केबिन अजून शेडमध्ये तशीच तिरकी पडून आहे. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला, दोन्ही वेळा न नेता. मी त्याला कारण विचारलं नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. दादाला लांब नोकरी लागली, मी पायरीवरून पडले, असं मी सांगितलंय. आता खोटं बोलायची पाळी माझी.

परवा माझ्या पायाला तेल लावता लावता ती सहज म्हणाली, "तुझे अण्णा असते तर तुला जमिनीवर पाऊल टाकू दिलं नसतं. दोघांत त्यांचा जीव तुझ्यावरच जास्त होता."

मी पाय हळूच तिच्या हातातून काढून घेतला.