ताप उतरल्यावर

उल्हासनगरात माझं पाट्या कोरायचं दुकान आहे. गेल्या डिसेंबरात चामटोलीच्या पलीकडे, माळावरच्या लष्करी दफनभूमीचं काम आलं. दुसऱ्या महायुद्धात इकडे छावणी होती. तिथे तापानं गेलेले परदेशी सैनिक त्या माळावर पुरलेले. दगडांवरची नावं पुसट झाली होती, ती पुन्हा खोल करायची होती.

राखणीला सगुणाबाई. नवऱ्यामागं तीच गवत कापायची, दगड धुवायची. भेटायला कुणी येत नसे. येणार तरी कोण?

एका दुपारी ती पिशवी घेऊन माझ्यापाशी आली.

"शहाडला लेक बाळंत झाली. सकाळी येते मी. दादा, एक काम करशील?"

तिनं कोपऱ्यातल्या दगडाकडे बोट केलं. त्यावर ओलं फडकं होतं. मला वाटलं, शेवाळ सुटावं म्हणून ठेवलं असेल.

"सुकलं की भिजवून ठेव. पण उशाशी बसू नको. बोलू तर नकोच."

"का?"

"ताप हाय त्याला," एवढंच म्हणून ती निघून गेली.

मी हसलो. मग सहज दगडाला हात लावला. थंडीचे दिवस, वर झाडाची गर्द सावली... आणि दगड माणसाच्या कपाळासारखा तापलेला.

फडकं भिजवून ठेवलं. बघता बघता सुकलं. पुन्हा भिजवलं. उन्हं कलली. वाळल्या गवताच्या वासात आणखी एक वास मिसळू लागला, आजाऱ्याच्या बंद खोलीत येतो तसला. छिन्नी थांबली की माळावर काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

मग आलं. श्वास... धाप लागलेला, अगदी जमिनीलगत.

मी पळायला हवं होतं. पण बायको, श्रद्धा, गेल्यापासून बेलवलीच्या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा श्वास मी ऐकला नव्हता. मी उशाशी बसलो. दगडावर तळवा ठेवला. नाव वाचता येत नव्हतं, म्हणून नुसतंच म्हटलं, "मी आहे रे इथे... पडून राहा."

आणि मग बोलतच राहिलो. श्रद्धाच्या आजारपणाचं, रिकाम्या घराचं, कुणाला न सांगितलेलं सगळं. माझी मराठी त्याला काय कळणार? पण धाप हळूहळू मंदावली. दिवेलागणीला दगडाला दरदरून घाम फुटला आणि तो गार पडला. कितीतरी महिन्यांनी मला हलकं वाटलं.

सकाळी सगुणाबाई खोपटात चहा करत होती. मी बाकावर बसत म्हणालो, "मावशी, ताप उतरला त्याचा!"

तिचा हात थांबला.

"उतरला...? तू बसलास त्याच्यापाशी?"

"हो. थोडं बोललोही. का?"

"म्हणून मी नुसतं फडकं ठेवायची रे. ताप उतरला की माणूस अंथरुणात राहत नाय. घरी जायला निघतो."

"पण त्याचं घर इथे कुठं आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या बाजूला. तिनं दोन कप भरले. एक मला दिला. दुसरा माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे धरला.

"गरम हाय," ती हळूच म्हणाली. "जपून."

तिनं हात मागे घेतला, तेव्हा कप तिच्या हातात नव्हता.

पडल्याचा आवाज मात्र आला नाही.