या एकदा आमच्याकडे

मल्हार, तो मोबाइल उलटा ठेव बघू. आणि निधी, भीती वाटत असेल तर आत्ताच खाली जा, मध्येच उठून जिन्यात किंचाळायचं नाही. तुम्हा पुण्याच्या मुलांना भुतं म्हणजे पिंपळ आणि विहीर एवढंच ठाऊक. ही गोष्ट इथली, जयनगरातली, समोरच्या घरातली. ज्याच्यावर गुदरली त्या सुहासनं मला स्वतः सांगितली आहे.

सुहास इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लग्न केलं नाही. घरात फक्त आई, वसुमतीअक्का. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांचं अंग गेलं, वाचाही गेली. डोळे तेवढे जिवंत राहिले. दिवसा गोदूबाई म्हणून बेळगावकडची बाई सांभाळायची. रात्र सुहासची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दहा, बारा, दोन, चार. पहिल्यांदा मायेनं उठायचा. मग कर्तव्य म्हणून. मग दातओठ खात. दोन वर्षं हा माणूस सलग झोपला नव्हता, हेही खरंच.

२०२४च्या सप्टेंबरअखेर कंपनीनं त्याला कामासाठी फ्रान्सला पाठवलं. बहीण शलाका आठ दिवस आईपाशी येऊन राहिली. काम उरकल्यावर तिथल्या लोकांनी बाहेरून आलेल्या मंडळींना शँपेन प्रांत दाखवायला नेलं. फसफसणारी वाइन शेकडो वर्षं करतात तो मुलूख. वर टेकड्यांवर द्राक्षांचे मळे, जमिनीखाली मैलोन्मैल तळघरं. शंभरेक पायऱ्या उतरले. गार, ओलसर अंधार, आणि लाकडी फळ्यांच्या भोकांत तोंड खाली करून खोचलेल्या हजारो बाटल्या.

माहिती सांगणारी बाई म्हणाली, पूर्वी माणसं रोज प्रत्येक बाटली हातानं थोडी वळवायची आणि थोडी आणखी उभी करायची. दीड महिन्यात बाटली पुरती डोक्यावर येते. आतला सगळा गाळ गळ्याशी जमतो. मग बूच काढलं की गाळ फसकन बाहेर. आता हे यंत्रं करतात, हातानं करणारं इथं कोणी उरलेलं नाही.

मंडळी पुढं गेली, सुहास मागं रेंगाळला. बाजूच्या बोळात एक म्हातारा बाटल्या वळवत होता. टक्. टक्. दोन्ही हातांनी, न बघता. सुहासला हसू आलं. मराठीतच म्हणाला, "आजोबा, हात छान बसलाय तुमचा. या एकदा आमच्याकडे. आईला वळवायला माणूस पाहिजेच आहे."

आपण म्हणतो ना तसं. निघताना "या हं घरी" म्हणायचं आणि पत्ता द्यायचा नाही. आपल्यात ते कोणी मनावर घेत नाही.

म्हातारा थांबला. वळून त्याच्याकडे बघितलं. आणि होकारार्थी मान हलवली.

दसऱ्याआधी सुहास परतला. पहिल्याच रात्री दोनच्या गजराला उठून गेला, तर अक्का आधीच दुसऱ्या कुशीवर. चारला पुन्हा कूस बदललेली. तिसऱ्या रात्री खोलीतून आवाज आला. पलंगाची फळी वाजल्यासारखा. टक्. मग अक्कांचा घशातला आवाज. "अं... अं..."

सुहास उठला नाही. पांघरूण डोक्यावर ओढलं. चौथ्या दिवशी गजर लावणंच सोडलं.

अक्कांच्या पाठीच्या जखमा भरत आल्या. गोदूबाई म्हणाली, "दादा, तुम्ही रातभर जागताय बघा. असा लेक कुणाला मिळतो ओ?" सुहासनं ते कौतुक चहाबरोबर गिळलं. अक्का त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. डोळ्यांतून पाणी. त्यानं ते रुमालानं टिपलं आणि ऑफिसला गेला. शहाणा माणूस! फुकट मिळालेली झोप कोण सोडतो?

महिनाभरानं गोदूबाईनं विचारलं, "अक्कांचं डोकं खाली आन पाय उशीवर कसं काय हो?"

"पायाला स्वल्प सूज आहे. मीच ठेवले," सुहास म्हणाला.

खोटं. साफ खोटं. रोज डोकं थोडं आणखी खाली जात होतं, आणि ते कुठवर जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तळघरात त्यानं नीट ऐकलं होतं. कॅलेंडरवर दिवसही मोजले होते. शलाकाला फोन करता आला असता. आईला स्वतःच्या खोलीत आणता आलं असतं. पण शुक्रवारी त्याचं मोठं प्रेझेंटेशन होतं. तेवढं होऊ दे, म्हणाला. मग बघू.

बावीस नोव्हेंबर. गुरुवारची रात्र संपून शुक्रवार लागला होता. तीन वाजून दहा मिनिटं.

टक्.

अक्का कण्हल्या. आज मोठ्यानं. सुहास भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता.

टक्.

मग काहीच नाही. कण्हणंही नाही. बराच वेळ...

तेव्हा मात्र तो उठला. दार ढकललं. दिवा लावला.

खोलीत कोणी नव्हतं. अक्कांचे पाय भिंतीवर सरळ उभे. धड पलंगाच्या कडेवरून खाली. डोकं जमिनीपासून वीतभर वर. गळा फुगलेला...

दोन वर्षं बंद पडलेलं तोंड उघडलं.

"सुहास, तू रोज जागा होतास."

स्पष्ट. पहिल्यासारखा आवाज. मग तोंडातून फेस आला. पांढरा. येतच राहिला... येतच राहिला... सुहासनं दोन्ही हातांनी दाबून धरला, तरी बोटांमधून येत होता.

थांबला तेव्हा अक्का गेल्या होत्या.

दुपारी आम्ही चारजण स्मशानातून परतलो. मागच्या दारी सुहासच्या डोक्यावर मी पाणी ओतत होतो. तेव्हाच तो हे सगळं भडाभडा बोलला. रडत होता. मला त्याची दया आली नाही, अजून येत नाही. बोलून झाल्यावर तो खाली वाकला. आणि त्याची उघडी पाठ मला दिसली.

दोन पंजे. निळेकाळे, ताजे, पाचही बोटं मोजता येतील असे. आईजवळ गेला तेव्हा खोलीत कोणी नव्हतं, हे तोच सांगत होता. एक पंजा उजव्या खांद्याखाली आणि एक कमरेवर. झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवताना हात घालतात तिथं.