लाल रुमालातली खडीसाखर

कराचीच्या ओरंगी वस्तीत पाण्याचा टँकर आला की शेजारधर्म बाजूला राहतो आणि पाइप पुढे येतात. त्या सकाळी नुजहतनं गर्दीत हात घालून एक पाइप ओढला... तर दुसरं टोक धरलेला एक उंच पठाण पोरगा ओढला गेला.

"हा माझा पाइप आहे."

"नाव लिहिलंय का त्यावर, लाला?"

"लाला नको म्हणूस. लाला म्हणजे मोठा भाऊ."

"मग काय म्हणू?"

"शेरआलम," तो म्हणाला आणि मुकाट्यानं आधी तिची टाकी भरून दिली.

नुजहत बनारसी विणकरांची मुलगी. अब्बांचे घरात चार माग होते आणि शेरआलम मागांच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. अब्बांना पोरगा आवडायचा, पण कामापुरता. त्या सकाळनंतर मागाच्या मोटारी जरा जास्तच बिघडू लागल्या.

"ही वायर आपोआप निघाली?" एकदा त्यानं विचारलं.

"वाऱ्यानं असेल..."

"या खोलीला खिडकी नाही, नुजहत."

ती हसली. तो खाली मान घालून वायर जोडत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते. ते तिला फार आवडलं.

थंडीत क्वेट्याकडचा वारा सुटला आणि शेरआलमच्या आईला, त्याच्या अदेला, खोकला लागला. नुजहतनं स्वतः विणलेल्या लाल जरीच्या रुमालात खडीसाखर बांधून त्याच्या हातात दिली.

"अदेला दे. दुधात घालून."

"रुमालासकट?" तो चपापला.

"मग काय, मुठीत नेणार?"

तो काहीतरी बोलणार होता... पण बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत डफ वाजू लागले. पुढे अदे, मागे नटलेल्या बायका आणि वरून टॉफ्यांचा पाऊस! बलोच, सिंधी, बिहारी, सगळी गल्ली दारात आली.

"रुमालात साखर बांधून पाठवलीत, म्हणजे मुलगी दिलीत!" अदे अब्बांना म्हणाली. "आमच्यात हाच होकार. सुनेला बघायला आले मी."

अब्बांचा चेहरा उतरला. "अम्मा, अहो, पोरीनं खोकल्यावर औषध पाठवलं हो..."

डफ थांबले. अदेचा हात ओढणीकडे गेला. वाजतगाजत आलेली माणसं दारातून परत गेली, तर त्यांना गल्लीत तोंड दाखवता आलं नसतं आणि शेरआलमला या घराची पायरी कायमची बंद झाली असती.

शेरआलम पुढे आला. "अदे, चूक माझी. तिला आपली रीत ठाऊक नव्हती. मला होती आणि मी गप्प बसलो. चल घरी."

"का गप्प बसलास?" नुजहतनं दारातूनच विचारलं.

"लोभ सुटला... वाटलं, एक दिवस तरी खरं असू दे."

नुजहतनं ओढणी सावरली आणि अब्बांकडे वळली.

"अब्बा, काल मला ही रीत माहीत नव्हती. आज कळली. पण रुमाल परत मागावासा वाटत नाही मला."

"बिरादरीबाहेर? अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक इथंच उभे आहेत, उस्ताद," समोरची बलोच मावशी ओरडली, "विचारा की!"

हशा पिकला. अब्बांनी पोरीकडे पाहिलं, मग मान खाली घालून उभ्या शेरआलमकडे. सगळा दोष या पोरानं एकट्यानं डोक्यावर घेतला, हे त्यांनीही पाहिलं होतं. ते दारातून बाजूला झाले.

"आत या, अम्मा. उंबऱ्यावर उभं राहून सोयरीक होत नाही."

डफ पुन्हा दणाणले. बायका आत शिरल्या. शेरआलम सर्वांत शेवटी आला, दाराशी घुटमळला.

"मला फार भीती वाटत होती," तो हळूच म्हणाला.

"मला नाही वाटली," नुजहत म्हणाली. "मला तूच हवा होतास."