पुलाखालचा हुंकार

सन १९१२. निजामी फसली सन १३२१. माघ महिना.

साल आधी सांगते, कारण ही ऐकीव भाकडकथा नाही. माझी आई बायडाबाई तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं हे डोळ्यांनी पाहिलं आणि मरेपर्यंत त्यातला एक शब्द बदलला नाही.

निजामाचं राज्य होतं. युसूफ वडगावजवळ आमचं गाव. आजोबा सुग्रीवराव, आईचे वडील, गावचे पाटील. पण पाटीलकी एका घरची नव्हती. एकाच मुळाच्या दोन पात्या. एका पातीच्या पाटलाचा डोळा मिटला, की पागोटं दुसऱ्या पातीला. मुलाला नाही. आजोबांनंतर पाळी होती त्यांच्या चुलतभावाची, आश्रुबाची.

त्या साली ओढ्यावर दगडी पूल बांधत होते. पुलाचा साहेब गोरा होता, पण इंग्रज म्हटलं की चिडायचा. मी स्कॉटलंडचा, म्हणायचा. आजोबांनी त्याला शेतावर हुरड्याला बोलावलं.

भर दुपार होती. आगटीभोवती घोंगड्या अंथरल्या होत्या. दोन पात्यांची रीत ऐकून साहेबाला मोठी गंमत वाटली. हजार वर्षांपूर्वी आमच्या राजांचंही असंच होतं, म्हणाला. केनेथ राजाच्या वंशाची दोन घरं. आज या घरचा राजा, त्याच्यामागं त्या घरचा. फक्त ज्याची पाळी असेल, त्याला धीर नसायचा.

आजोबा म्हणाले, "आमचा आश्रुबा धरून हाय बिचारा धीर. म्याच मरंना झालो, त्याला त्यो काय करनार?"

सगळे हसले. आश्रुबाही हसला.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. हुंकार तुटला तर गोष्ट अर्धी राहते, आणि अर्धी गोष्ट पुरी व्हायला जागा शोधते, असं जुनी माणसं म्हणत. त्या दिवशी हुंकार आश्रुबा देत होता.

साहेब डफ राजाची गोष्ट सांगू लागला. त्याच्या नावाचा अर्थच काळा.

डफला दगा करून मारलं.

"हूं."

प्रेत एका पुलाखाली दडवलं.

आश्रुबा गप्प...

आगटीत एक कणीस तडकलं.

मग हुंकार आला. आजोबांच्या आवाजात, त्यांच्या घोंगडीवरून.

आईनं वळून पाहिलं... घोंगडी रिकामी होती. आजोबा मघाच कणसं मोडायला उठून गेले होते.

साहेब आपल्या नादात सांगत राहिला. प्रेत सापडेपर्यंत त्या मुलखात सूर्य दिसला नाही.

हुरड्यानंतर नवव्या दिवशी बाजार होता. पुलाचं काम बंद. न्याहारी करून आजोबा पूल बघून येतो म्हणाले.

आले नाहीत.

आणि दुपारी ऊन गेलं.

ढग नव्हते. धुकं नव्हतं. फक्त ऊन नव्हतं.

वडगावहून आलेला माणूस म्हणाला, तिकडं तर लख्ख पडलंय. आमच्या शिवेच्या आत मात्र कशाचीच सावली पडत नव्हती.

तीन दिवस आश्रुबानं सगळ्यांच्या पुढं होऊन शोध घेतला. विहिरी, नाले, कडब्याच्या गंजी. पूल मी बघून आलोय, म्हणाला. कधी गेला होता, ते कोणी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आईनं आजीला, केसरबाईला, रिकाम्या घोंगडीचं सांगितलं. आजीनं आईचा हात धरला आणि सरळ चावडीवर गेली. आमच्यात बाई चावडीची पायरी चढत नसे.

"भावजी," ती म्हणाली, "सायबाची गोष्ट सांगते. हुंकार द्या."

आश्रुबा म्हणाला, "वैनी, ही काय गोष्टीची येळ हाय?"

"द्या."

तिनं पहिल्यापासून सांगितली. दोन घरं. हूं. पाळी. हूं. काळा राजा. हूं.

"प्रेत पुलाखाली दडवलं."

आश्रुबाचे ओठ हलले. आवाज आला नाही...

हुंकार आला तो पाटलाच्या रिकाम्या बैठकीवरून. ओला आवाज होता, आई म्हणायची. घशात पाणी असल्यासारखा.

सगळे उठून पुलाकडे निघाले.

दुसऱ्या कमानीखाली दगड रचलेले होते. एकट्याला उचलता येतील असे ते दगड नव्हते. त्यांच्याखाली आजोबा. अंगावर कुठं जखम नाही. प्रेत काठावर ठेवलं आणि पहिलं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं.

पंचनाम्यात दगड ढासळले असं लिहिलं गेलं. साहेब दुसऱ्या कामावर निघून गेला. जाताना आजीसमोर टोपी काढून उभा राहिला. पागोटं रीतीप्रमाणे आश्रुबाला मिळालं. नऊ वर्षं तो पाटील होता. त्या बैठकीवर एकदाही बसला नाही, शेजारी जमिनीवर बसायचा. पुलावरूनही गेला नाही. पूर असला तरी ओढ्यातून जायचा. आजी त्याच्याशी कधीच बोलली नाही.

मरताना त्यानं आईला बोलावून घेतलं.

"पोरी, म्या त्याला हात लावला न्हाई. पर त्या दिशी हुंकार का म्हून थांबवला, ते मलाबी ठावं न्हाई."

आई ऐकत राहिली. तिनं त्याला हुंकार दिला नाही.

त्याच्यानंतर पाळी आमच्या पातीची होती. मामानं पागोटं घेतलं नाही.

आई म्हातारपणी अंबाजोगाईला माझ्याकडे होती, तिथंच गेली. ढग नसताना ऊन उतरल्यासारखं वाटलं, की ती उठून घरातली माणसं मोजायची. आम्ही हसायचो.

आता मीही मोजते.

आज सकाळपासून अंगणात ऊन नाही... आणि एक माणूस कमी भरतंय. बाजाराला गेलं असेल कोणी.