छोट्या लाईनवरचा थांबा

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गेल्या डिसेंबरची वीस तारीख, शनिवार. शेकोटीभोवती पोरं बसली की सेवकराम मामा वेळ अशी चोख सांगतात, कारण जिच्यावर गुजरलं ती नीतू त्यांच्या चुलतभावाची सून. मोबाईलमध्ये वेळ तिनंच पाहिली होती.

नीतू आणि तिचा नवरा खुमेंद्र केशोरीहून, तिच्या माहेरी नव्या धानाचे पोहे देऊन परत येत होते. मांडीवर सव्वा वर्षाची खुशी. दुपारपासून पोरीचं अंग तापलेलं. गावातला दवाखाना आठला बंद होतो, म्हणून खुमेंद्रनं मोटारसायकल जुन्या भरावावर घातली. एकेकाळी तिथून छोट्या लाईनचा, म्हणजे अरुंद रुळांच्या आगगाडीचा, एक फाटा जंगलात जायचा. पुढं तो बंद पडला. रूळ उचलून नेले, भराव तेवढा राहिला. आता तीच आडवाट.

अर्ध्यावर बाभळीचा काटा घुसला. टायर बसला.

"तरी म्हणत होती मी, सडकेनं चला. तुम्हाले कोणाचं ऐकायचंच नाही."

"आता भांडून हवा भरते काय त्यात?"

नेटवर्क नव्हतं. खुशी कण्हत होती, तिचा श्वास नीतूच्या गळ्याला चटकत होता. तेवढ्यात दूर एक दिवा दिसला.

"आपल्या गावच्या सुखरामचा ट्रॅक्टर येऊन राहिला वाटते," म्हणत खुमेंद्रनं मोबाईलचा उजेड वर धरून हलवला.

मामा इथं नेहमी थांबतात.

"छोट्या गाडीले टेशनं कमी, पोरंहो. जंगलात कुठंबी कंदील हलवला का डायवर गाडी थांबवे. मोळीवाल्या बाया अशाच चढत. आधी लेकरू वर द्यायचं, मंग मोळी, मंग आपण."

"हे तं आमी ट्रॅक्टरवरबी करतो, मामा," पोरांतला भुपेंद्र हसला.

"तेच तं झालं नं, बावा."



दिवा जवळ आला. आवाज ट्रॅक्टरचा नव्हता. जड होता, दमेकऱ्यासारखा. थांबला. उजेडानं डोळे दिपले, मागचं काही दिसेना. वरून एका बाईचा हात आला. कोपरापर्यंत बांगड्या.

"लेकरू दे आधी."

नीतूनं दिलं. विचार कायचा करायचा? प्रत्येक ट्रॉलीवर, प्रत्येक जीपवर ती असंच देत आली होती.

मग चढायला तिनं हात टाकला. थंडगार लोखंड. डब्याचं दार. आत बाया... गच्च. एकही बोलत नव्हती.

गाडी हलली.

"अजी... खुशी..."

दोघं धावले. पायाखालची गिट्टी निसटे. गाडी हळूच जात होती, तरी हाती लागेना.   नीतूनं खुमेंद्रच्या हातचा मोबाईल हिसकावला. उजेड वर धरला. हलवला. डावीकडे. उजवीकडे.

...

गाडी थांबली.

तोच हात खाली आला. हातात खुशी.

"उतरायचं होतं तं सांगत जा नं व, बाई."

नीतूनं पोर ओढून छातीशी घेतली. डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा... भराव. बाभळी. अंधार.

पळतच दोघं घरी आले. सासूनं नातीला घेतलं. अंग थंड होतं, ताप उतरलेला. दिव्याखाली नेलं, तर डाव्या गालावर तीट. घरच्या कोणी लावली नव्हती. काजळाचीही नव्हती. बोट फिरवलं तर खरखरीत, कोळशाच्या भुकटीची. तेलानं पुसली. साबणानं धुतली.

अजून आहे.

ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे, त्यांच्यापर्यंत हे पोचवा. त्या भरावावर गाडी बंद पडली तर पायी या. उजेड हलवू नका. आणि कितीही हात भरून आले तरी लेकरू आपल्याच कडेवर ठेवा.