आठ मात्रा थांब

"तुला कुणी आवडतं का?"

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. प्रश्न चष्मिशचा, पैज लांबीची आणि तोंड तेवढं माझं. आमच्या वर्गात माझ्या तोंडाची ख्यातीच तशी आहे. बाई हजेरी घेतात तेव्हा शेजारणीच्या नंबरालाही मीच 'हजर' म्हणून मोकळी होते.

गोष्ट गेल्या वर्षीची. मी नववीत होते. आजोबांना घेऊन पहिल्यांदाच संगीतोपचार केंद्रात चालले होते आणि या दोघी मैत्रिणी 'मदतीला' म्हणून मागे लागल्या होत्या. मदत काय, तर एकीने आजोबांची छत्री धरली आणि दुसरीने माझं डोकं खाल्लं.

केंद्र म्हणजे लायब्ररीच्या मागचं गॅरेज. पूर्वी तिथे फिरत्या वाचनालयाची गाडी उभी राहायची. गाडी मोडीत निघाली, ऑइलचा वास मात्र राहिला. तो वास आणि जुन्या पियानोच्या लाकडाचा वास… अजूनही पेट्रोल पंपावरून जाताना मी मुद्दाम हळू चालते. लोकांना फुलांच्या वासाने आठवणी येतात. माझं हे असं!

दाराशी तीन पायऱ्या, बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी उतार. मधल्या पायरीवर तो बसला होता. गिटार मांडीवर, कान तारेला जवळजवळ टेकलेला. आम्ही आलो हे त्याच्या गावीही नव्हतं.

"हा आपल्याच शाळेतला! दहावी ब," चष्मिश कुजबुजली. "कुणाशी एक शब्द बोलत नाही. महाशिष्ट. जा, विचार त्याला, कुणी आवडतं का."

"पैज!" लांबी म्हणाली. "विचारलंस तर महिनाभर खिडकीची जागा तुझी."

खिडकीची जागा! मी गेले आणि विचारून टाकलं.

त्याने मान वर केली. डोळे एवढे मोठे की मीच दचकले. त्याचे ओठ उघडले, किंचित थरथरले… आवाज नाही. मी त्याला दिला किती वेळ? फार तर दोन सेकंद.

"नाही ना? बरं बरं, सहज विचारलं!" असं म्हणून मी आजोबांचा हात धरून आत पळाले. मागे या दोघी खिंकाळत होत्या. तो काहीतरी सांगायच्या बेतात होता, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आत ताई होत्या. केंद्र त्यांचंच. बारीक चणीच्या, आखूड केसांच्या, आणि आवाज असा की खोलीतल्या खुर्च्याही सरळ बसतील. गोल करून माणसं बसलेली. सहा वर्षांची छोटी, जी कुणाकडे बघत नसे, पण खंजिरीला कान लावून तासभर बसे. एक निवृत्त बाई, ज्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नसे, पण शाळेची सगळी गाणी तोंडपाठ. आणि आमचे आजोबा.

आजोबा छत्तीस वर्षं पोस्टमन होते. अर्धं गाव त्यांना नावानिशी पाठ होतं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि सगळे शब्द गेले. उरला एकच – 'अरेच्चा'. भूक लागली, अरेच्चा. पंखा बंद करा, अरेच्चा. बाबांचा राग आला की जरा दणकून, अरेच्चा! घरात आम्ही त्याचे अर्थ लावायचो. सर्वांत पटापट लावायचे मी. त्यांनी तोंड उघडायच्या आत माझ्या हातात पाण्याचा पेला असायचा. मला वाटायचं, केवढी गुणी नात!

केंद्रातल्या तासाची सुरुवात एका छोट्याशा गाण्याने व्हायची. ताईंनीच बांधलेलं. "दार वाजलं, कोण आलं, हातामध्ये –" आणि इथे त्या थांबायच्या. पुढचा शब्द ज्याचा त्याचा. कुणी 'फूल' म्हणे, कुणी 'बॅट'. छोटी नुसती खंजिरी हलवायची, तेही चालायचं.

आजोबांची पाळी आली. "दार वाजलं, कोण आलं, हातामध्ये –"

"काठी!" मी ओरडले.

ताईंनी पियानोवरून हात काढला. "ती जागा कुणाची होती गं?"

"आजोबांची. पण त्यांना बोलता येत –"

"तू विचारलंस त्यांना?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. ताई हसल्या, आणि त्यांनी माझ्या मांडीवर एक छोटा ढोल ठेवला. "तुला आजपासून काम. प्रत्येक रिकाम्या जागेला आठ मात्रा मोजायच्या. हात चालू, तोंड बंद."

समोरून कुणीतरी फिस्सकन हसलं. तोच! मला वाटलं होतं हा गिटार वाजवायला येणारा कुणी मदतनीस असेल. पण त्याचीही पाळी आली आणि तो गायला. स्वच्छ, सरळ, उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखा आवाज. मग ताईंनी त्याला नुसतं विचारलं, "आठवडा कसा गेला?" आणि तोच आवाज दारात अडकला.

"ब-ब… ब…" त्याने डोळे मिटले. मी ढोलावर बोट वाजवत राहिले. तीन, चार, पाच… जीभ नुसती शिवशिवत होती. 'बरा' म्हणायचंय ना रे? म्हण की! सात, आठ –

"बरा," तो म्हणाला. "आज… ज-जरा जास्तच."

आणि माझ्याकडे बघितलं.

निघताना पायरीवर तो माझ्यासाठी थांबला होता. "म-मगाशी," तो म्हणाला, "तू मला विचारलंस. आणि म-माझं उत्तर… तूच देऊन टाकलंस."

कान असे तापले की त्यावर कपडे इस्त्री झाले असते. "सॉरी! खरंच सॉरी. मग… काय होतं तुझं उत्तर?"

तो गालातल्या गालात हसला. "आता नाही. आता तू… थ-थांब."

थांब! मला! रेडिओला! (हे नाव त्यानेच पुढच्या बुधवारी ठेवलं. मी त्याला गिटारवाला म्हणायचे, त्यात माझी काही कल्पकता नाही.)

पण मी थांबायला शिकले. दर बुधवारी आणि शनिवारी, ढोल मांडीवर घेऊन. सोपं नव्हतं ते. दुसऱ्याची शांतता म्हणजे मला सांडलेलं दूध वाटायचं, दिसलं की फडकं घेऊन धावायचं. ताई म्हणायच्या, "अगं, तो बोलतोच आहे. तुला अजून ऐकू आलेलं नाही, एवढंच."

आणि मग तो शनिवार आला.

"दार वाजलं, कोण आलं, हातामध्ये –"

आजोबा. मी मोजत होते. चार. पाच. त्यांचा ओठ वाकडा झाला. सहा. उजवा हात, जो फारसा हलतच नव्हता, तो मांडीवरून इंचभर उचलला, जणू त्यात काहीतरी धरलंय. सात –

"पत्र!"

अरेच्चा नाही. पत्र! सुरात!

माझा ढोल थांबला. ताईंचा पियानो थांबला नाही, त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली, आणि आजोबा पुन्हा म्हणाले, "पत्र!" डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसताहेत. चार महिने मी त्यांच्या तोंडातून शब्द काढून घेत होते, आणि शब्द होता सातव्या मात्रेवर. मी भोकाड पसरलं. पाण्याच्या पडद्यातून समोर पाहिलं, तर गिटारवाल्याने माझ्याकडे बघत बोटं वर केली होती. एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन. सात.

तेव्हाच बहुतेक. हो, तेव्हाच. कुणी विचारलं की माझा जीव कुठे अडकला, तर मी त्या दोन बोटांकडे बोट दाखवेन.

त्यानंतर पायरी आमची झाली. आजोबा आत ताईंशी एकट्याने सराव करायचे, तेवढी वीस मिनिटं. एकदा पाऊस लागला तर पन्हळीतून पडणाऱ्या थेंबांच्या तालावर तो वीसच्या वीस मिनिटं एकच सूर छेडत बसला आणि मी चक्क गप्प. माझी बाही भिजत होती. त्याने न बोलता गिटारची पिशवी माझ्या बाजूला सरकवली, आडोसा म्हणून. गिटार भिजली तरी चालेल, असा त्याचा अर्थ होता. गिटारवाल्याकडून आणखी काय हवं?

"गाताना तू अडखळत नाहीस," मी एकदा म्हटलं. "मग सगळं गाऊनच का बोलत नाहीस?"

"द-दुकानात जाऊन… साबण गाऊन मागू?"

"माग की!"

त्याने गळा साफ केला आणि एवढी लांब तान घेतली, "एऽऽक साऽऽबण द्याऽऽ", की लायब्ररीतून एक आजी चष्मा सावरत बाहेर आल्या. आम्ही हसून हसून पायरीवरून घसरलो.

"पण तो मी न-नव्हे ना," हसू ओसरल्यावर तो म्हणाला. "मला असंच… ब-बोलायचंय. असंच. आणि कुणीतरी… थांबायला हवं."

आठ मात्रा गेल्या, सोळा गेल्या. पहिल्यांदाच ती शांतता मला पुसून टाकावीशी वाटली नाही.

मग दहावीची परीक्षा झाली आणि बातमी आली. त्याचे मामा दुसऱ्या शहरात गिटार बनवतात, त्यांच्याच घरी राहून तो पुढचं शिकणार होता. जायचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या दिवशी केंद्राचा कार्यक्रम. घरच्या माणसांना बोलावलेलं. आमचे आई-बाबाही आले, औषधाचं दुकान दोन तास बंद ठेवून! हे माझ्या जन्मानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

गाण्याआधी दोन वाक्यं बोलायची होती. ती त्याने स्वतः मागून घेतली.

तो उभा राहिला. "हे ग-गाणं आम्ही… स-स…"

कुणीतरी खाकरलं. कुणी अगदी मायेने म्हणालं, "सगळ्यांनी." आई माझ्या कानाशी लागली, "बिचारा! अगं, सांग ना त्याला शब्द."

"तो शब्द त्याच्याकडे आहे, आई."

मी बोटाने मांडीवर मोजत होते. त्याला ते दिसत होतं. आठ. बारा. मी नजर काढली नाही. चौदा –

"– सगळ्यांनी मिळून केलंय. आणि ते… घ-घाईत ऐकायचं नाही."

टाळ्या अशा पडल्या की छोटीने कानांवर हात ठेवले, पण ती हसत होती. आजोबांनी त्यांचं 'पत्र' असं ठणकावून म्हटलं की बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ चष्माच पुसत बसले.

संध्याकाळी सगळे खुर्च्या आवरत होते. आम्ही मधल्या पायरीवर.

"त्या प-पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "तू एक… विचारलं होतंस."

"काय?" मला माहीत होतं काय.

"कुणी आ-आवडतं का."

मला उत्तरही माहीत होतं! एवढं माहीत होतं की ते माझ्या दातांमागे येऊन उभं होतं. पण जागा त्याची होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. एक, दोन… आत खुर्ची पडली. आठ, नऊ… रस्त्यावरचे दिवे लागले. पंधरा… त्याच्या गळ्याची शीर ताणली होती, पण डोळे मिटले नव्हते. या वेळी तो माझ्याकडेच बघत होता. एकवीस, बावीस –

"तू."

एवढुसा शब्द. बावीस मात्रांचा!

आणि मी? शाळेचा रेडिओ? जन्मात पहिल्यांदा माझ्यापाशी एकही शब्द नव्हता. जो होता तो उसना.

"अरेच्चा!" मी म्हणाले.

तो एवढा हसला… आणि हसता हसता त्याने माझ्या करंगळीला आपली करंगळी अडकवली. बस्स, तेवढंच. पण ती करंगळी मी दोन दिवस जपून वापरली.

आता तो तिकडे आहे. दर रविवारी दुपारी फोन करतो. मी सुचवलं होतं, पत्र लिही, सोपं जाईल, आजोबाही खूश होतील. तर म्हणाला, "प-पत्रात मी अडखळत नाही. मग… तो मी कसा?" म्हणून फोन. अर्धा वेळ पलीकडे नुसता श्वास. मी ऐकते. कधीकधी मागे रंधा चालल्याचा आवाज येतो आणि मला ऑइलचा वास आठवतो.

काल मी दहावीनंतरचा विषयनिवडीचा फॉर्म घरी आणला. बाबांनी जेवणाच्या टेबलावर पेन आधीच उघडून ठेवलं होतं.

"लिही. विज्ञान. पुढे फार्मसी, मग आपलं दुकान."

"हस्ताक्षर नीट काढ," आई म्हणाली.

आजोबा खुर्चीत बसले होते. आता त्यांच्याकडे एकोणीस शब्द आहेत, मी वहीत लिहून ठेवलेत.

मी पेनाला टोपण लावलं.

"बाबा, आई, मला काहीतरी सांगायचंय. मी फार्मसी करणार नाही. मी संगीत आणि मानसशास्त्र घेणार आहे, आणि पुढे ताई करतात ते काम शिकणार आहे. माझं ठरलंय."

बाबांचं तोंड उघडलं. उघडंच राहिलं. आई त्यांच्याकडे बघायला लागली. एरवी या जागेत मीच बोलले असते. 'हो, माहीत आहे तुम्ही काय म्हणणार' म्हणत त्यांचं भांडणही मीच भांडून टाकलं असतं.

मी हात मांडीवर ठेवला. समोरून आजोबांनी हळूच बोट उचललं आणि खुर्चीच्या हातावर वाजवायला लागले.

एक… दोन… तीन…